खाबुऱ्याची माती

त्या वर्षीच्या नवरात्राच्या यादीत सदतीस बाबी होत्या. यादी फ्रिजवर दोन चुंबकांखाली लावली होती. पहिली बाब होती 'माती'. शेवटची होती 'परतीचं तिकीट', आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह. मधल्या पस्तीस बाबींवर मी एकेक करून खुणा करत गेले. गोंधळ झाला तो पहिल्या आणि शेवटच्या बाबीत.

याद्या करणं हे माझं घरचं आणि पोटापाण्याचंही काम आहे. अल् खुवैरमधल्या एका बांधकाम कंपनीत मी कागदपत्रं सांभाळते. कोणता नकाशा कधी आला, कुणी तपासला, कोणती आवृत्ती रद्द झाली, याची नोंद ठेवायची आणि प्रत्येक कागदाची एक प्रत वेगळ्या कपाटात ठेवायची. मस्कतला आल्यापासून मी हेच करते आहे. तुमची देवावर श्रद्धा आहे का, असं मला लग्नात कुणी विचारलं नाही आणि नंतरही नाही. सणाची यादी कोण करणार, एवढंच विचारलं गेलं.

सासरे गेल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. सासूबाई गावच्या घरी एकट्या राहत होत्या. गाव रत्नागिरीकडचं, खाडीच्या काठावरचं. माझा नवरा दर शुक्रवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, फोन करून त्यांना इकडे या म्हणायचा आणि त्या दर शुक्रवारी एकच उत्तर द्यायच्या.

"देवांना दिवा कोण लावणार?"

शेजारी त्यांच्या चुलत जाऊबाई होत्या. सासूबाई डोळ्यांच्या ऑपरेशनला गेल्या तेव्हा आठवडाभर त्यांनीच दिवा लावला होता. पण ते ऑपरेशन होतं. मुलाकडे जाणं हे कारण त्या यादीत बसत नव्हतं.

शेवटी नवरा म्हणाला, "मग देवांनाच घेऊन ये."

त्या शुक्रवारी पहिल्यांदाच उत्तर बदललं. मग सासूबाईंनी अट घातली. देवीचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली आमची कुलदेवता, घेऊन त्या येतील. एक नवरात्र मस्कतला करतील. घट बसवायचा, मातीत धान्य पेरायचं, आणि नऊ दिवसांत रुजवण कशी येते ते बघायचं. चांगली आली तर देवी इथे राहते म्हणाली. मग त्याही राहतील. नाही आली तर दोघी परत.

"दोघी म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"मी आणि ती," सासूबाई म्हणाल्या. त्यांची बोली मी इथे थोडी सरळ करून लिहिते आहे.

म्हणून परतीचं तिकीट काढूनच ठेवलं होतं, दसऱ्यानंतरच्या आठवड्याचं. ते वापरायचं, की व्हिसा वाढवायचा, हे सात धान्यं ठरवणार होती. नवऱ्याला आई हवी होती. गेल्या पावसाळ्यात त्या मागच्या पडवीत घसरून पडल्या होत्या आणि जाऊबाईंना ते दुपारी कळलं होतं. हे त्याने मला एकदाच सांगितलं. त्यानंतर तो फक्त तिकिटाबद्दल बोलायचा.

देवी बटव्यात, कमरेला खोचून आली. मुंबईच्या विमानतळावर तपासणी करणाऱ्या बाईने विचारलं, "हे काय?" सासूबाई म्हणाल्या, "देवी आहे." बाईने हात जोडले, नमस्कार केला, आणि मग बटवा यंत्रातून घातला.

सामानात सहा धान्यांच्या पुरचुंड्या होत्या: भात, नाचणी, वरी, कुळीथ, उडीद, तीळ. सगळं घरच्या पेरणीतलं राखून ठेवलेलं. सातवा जव. तो गावच्या वाण्याकडून यायचा, आणि त्या आठवड्यात वाण्याचं दुकान बंद होतं.

"जव मिळेल इथे?" त्यांनी विचारलं.

"मिळेल," मी म्हटलं आणि लिहून घेतलं.

"आणि माती शेतातली हवी हां. पिशवीतली नको."

पिशवीतली माती आमच्या घरापासून पाच मिनिटांवर मिळते. मवालेहला रोपवाटिका भरपूर आहेत, आणि तिथे काळी, भुसभुशीत, खत मिसळलेली माती पिशव्यांत भरून ठेवलेली असते. सासूबाईंनी गाडीतूनच त्या पिशव्या पाहिल्या होत्या. पिशवीवर टोमॅटोचं चित्र होतं. देवीला टोमॅटोच्या मातीत बसवायला त्या तयार नव्हत्या.

नवऱ्याच्या कंपनीत एक ओमानी सहकारी आहेत. त्यांचं वडिलोपार्जित शेत खाबुऱ्याला, समुद्रापासून थोड्याच अंतरावर. आम्ही शुक्रवारी सकाळी निघालो. जाताना दोन तास, येताना दोन तास, मध्ये कॉफी आणि खजूर. त्यांची हिंदी आमच्यापेक्षा साफ आहे.

"मिट्टी?" ते म्हणाले. "लोग मुझसे खजूर माँगते हैं, नींबू माँगते हैं. मिट्टी पहली बार."

"आई की पूजा है," नवरा म्हणाला.

"तो ले जाओ, जितनी चाहिए. पर कुएँ का पानी खारा हो गया है. अब बस खजूर होता है और बकरी का चारा."

चारा म्हणजे जव. एका वाफ्यात तो हिरवागार उभा होता आणि बाजूला मागच्या पिकाचं धान्य पोत्यात भरलेलं होतं. सातवं धान्य अशा रीतीने शेळ्यांच्या पोत्यातून एक मूठ मिळालं. मी दोन्ही बाबींवर खूण केली. वहीत खाबुऱ्याच्या पानावर पुढच्या खेपेसाठी एक नोंदही केली: 'विहीर खारी. पिण्याचं पाणी सोबत न्यावं.'

ही नोंद मी स्वतःच्या हाताने केली, हे इथे सांगून ठेवते. पुढे तिचा संबंध येतो.

घरी आल्यावर सासूबाईंनी माती मुठीत घेतली, दाबली, सोडली. "हलकी आहे," त्या म्हणाल्या. "असूं दे. शेतातली तर आहे."

घट बसला. हॉलच्या कोपऱ्यात पाट, पाटावर ताट, ताटात गावाहून आणलेली बांबूची परडी, परडीत माती, मध्ये तांब्याचा कलश आणि त्यावर नारळ. शेंडीसकट नारळ ही बाब क्रमांक नऊ होती. भाजीबाजार तेव्हा मवालेहलाच होता, आणि तिथला विक्रेता इतका मदतीला तत्पर की मी नको नको म्हणेपर्यंत त्याने दोन नारळांच्या शेंड्या उडवल्या होत्या. तिसरा वाचला. छताला धुराची सूचना देणारं यंत्र आहे, म्हणून अखंड दिवा त्याच्यापासून जास्तीत जास्त लांब, पण वाऱ्यात नाही, अशा जागी ठेवला. ती जागा मी आधी मोजून ठेवली होती.

दिव्यात तेल घालण्याच्या वेळांचा तक्ता केला. चार रकाने, चार माणसं. ज्याने तेल घातलं त्याने खूण करायची. सासूबाईंनी पेन बाजूला ठेवलं आणि आपल्या रकान्यात कुंकवाचं बोट टेकवलं. दुसऱ्या दिवसापर्यंत आमच्या मुलीनेही पेन सोडलं. नवव्या दिवशी तो तक्ता मी आजवर केलेल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा नीट भरलेला होता, आणि मी तो कुठेही दाखल करू शकत नव्हते.

पहिल्याच संध्याकाळी मी आणखी एक काम केलं. ते यादीत नव्हतं. सातही धान्यं थोडी थोडी उरली होती. रोपवाटिकेतून टोमॅटोच्या चित्राची एक पिशवी आणली, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडली, माती भरली, धान्य पेरलं आणि डबा बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे ठेवला. तेव्हा मनात काही कपट नव्हतं. महत्त्वाच्या गोष्टीची दुसरी प्रत नसेल तर मला झोप लागत नाही.

रुजवणीला तिसऱ्या दिवशी सुया फुटतात. तिसऱ्या दिवशी परडीत काही नव्हतं. सासूबाईंनी पाणी शिंपडलं, माळ बांधली आणि जाऊबाईंना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे गावात जाऊबाईंच्या घटात हिरवं दिसत होतं. त्यांनी फोन मुद्दाम जवळ नेला.

"हे बघ, दोन पेरं वर आलंय. तुमचं दाखव."

सासूबाईंनी दाखवलं.

"काय गो," जाऊबाई म्हणाल्या, "एसीत रुजवण पण झोपली काय?"

फोन ठेवल्यावर सासूबाईंनी एसी बंद करायला लावला. "देवीला थंडी वाजते," त्या म्हणाल्या. मस्कतमध्ये तेव्हा दुपारी पस्तीसच्या पुढे तापमान होतं. पुढचे सहा दिवस आम्ही हॉलमध्ये घाम पुसत बसलो. देवीला थंडी वाजली नाही, याची मी खात्री देऊ शकते.

बाल्कनीतल्या डब्यात तिसऱ्या दिवशी सुया आल्या. चौथ्या दिवशी बोटभर. मी मुलीला सांगून ठेवलं होतं की शाळेतून आली की थोडं पाणी घालायचं आणि कुणाला बोलायचं नाही.

"का?" तिने विचारलं.

"बॅकअप आहे."

हे तिला लगेच पटलं. तिचं मराठी थोडं अडखळतं, पण बॅकअप तिला कळतो.

पाचव्या दिवशी परडीतल्या मातीवर पांढरा पापुद्रा आला. मुलगी वाकून बघत राहिली. "आजी, ही फंगस आहे? की फ्रॉस्ट?"

नवऱ्याने फोनवर शोधलं आणि पाणी जास्त झालंय असं जाहीर केलं. तासाभराने आणखी शोधून पाणी कमी पडलंय असं जाहीर केलं. रात्री जेवताना तो पुन्हा पुन्हा परडीकडे बघत होता. गावच्या घरी मागच्या पडवीला कठडा बसवून घ्यायला किती दिवस लागतील, असं त्याने मधेच मला विचारलं. म्हणजे तो हरल्याचं धरून चालला होता.

सहाव्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पूजा झाल्यावर बोट ओलं केलं, मातीला लावलं आणि जिभेवर ठेवलं. मग पुन्हा एकदा चाखून पाहिलं.

"मीठ आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माती खारी आहे गो. माझ्या बापाची निम्मी शेती खाडीला लागून होती. बांध फुटला की दोन-तीन वर्षं त्यात हे असंच पांढरं यायचं, आणि पेरलं तर काही उगवायचं नाही. मी पहिल्याच दिवशी जिभेला लावायला हवी होती. हलकी म्हणून सोडली. चुकलं माझं."

मी आत जाऊन वही काढली. खाबुऱ्याचं पान. 'विहीर खारी.' नोंद बरोबर होती, तारीख बरोबर होती, अक्षर स्वच्छ होतं. फक्त ती पिण्याच्या पाण्याखाली केली होती. त्याच विहिरीचं पाणी त्याच मातीला वर्षानुवर्षं जातं, हे लिहायला माझ्या पानावर रकाना नव्हता. मी वही घेऊन बाहेर आले आणि सासूबाईंना वाचून दाखवली.

त्यांनी ऐकून घेतलं. "बघ," त्या म्हणाल्या, "लिहिलेलं होतं."

"आपण माती बदलू. अजून तीन दिवस आहेत."

"बसलेला घट हलवायचा नसतो."

"न हलवता. वरवर."

"हे काय तुझं ऑफिस आहे? सुधारित आवृत्ती काढायला?"

हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच उचलला होता. मी वही मिटली. त्यांनी परडीखालचं ताट पुसलं, तांब्याभर पाणी आणलं आणि मातीवर हळूहळू सोडलं, खालून निथळेपर्यंत. निथळलेलं पाणी ताटातून काढून टाकलं. मग पुन्हा एक तांब्या. "खार जमिनीत असंच करतात," त्या म्हणाल्या. "गोड पाण्याने धुवायची. पण आम्ही अख्खा पावसाळा धुवायचो. इथे तीन दिवस."

सातव्या दिवशी मी सुट्टी घेतली. कारण 'घरगुती' असं लिहिलं. तोवर डब्यातली रुजवण चार बोटं उंच झाली होती, आणि मला कपट सुचलं होतं. सासूबाईंच्या आंघोळीला अठरा मिनिटं लागतात. तेवढ्यात डब्यातला रोपांचा थर उलथन्याने सबंध उचलायचा आणि कलशाभोवती दोन तुकड्यांत बसवायचा. घट हलत नाही, कलश हलत नाही, फक्त वरचा थर येतो. मी क्रम लिहून काढला, वाचला आणि कागद फाडून टाकला. नोकरीत मी कधी कुठला कागद फाडलेला नाही.

न्हाणीघराचं दार लागलं. मी डबा आणला, उलथनं आणलं, पाटासमोर गुडघ्यांवर बसले. तुकडा कुठे बसेल ते बघायला परडीवर वाकले, तर कलशाच्या मागे, भिंतीच्या बाजूला, जिथे सासूबाईंचं पाणी सगळ्यात जास्त निथळलं होतं, तिथे एक पाती दिसली. अगदी बारीक. शेजारी दुसरी, अजून वाकलेली.

मी उलथनं खाली ठेवलं. माझ्या कामाच्या क्रमात ही पायरी नव्हती. रिकाम्या मातीवर थर ठेवणं वेगळं आणि ह्या दोन पात्यांवर ठेवणं वेगळं. दिव्यात तेल कमी झालं होतं, ते घातलं. रकान्यात कुंकवाचं बोट टेकवलं. डबा आणि उलथनं जागेवर नेऊन ठेवलं. अकरा मिनिटं झाली होती.

सासूबाई बाहेर आल्या, केस पुसत पुसत परडीपाशी गेल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "आली!"

मी स्वयंपाकघरातून "हो का?" म्हटलं. इतकं वाईट नाटक मी कधी केलं नसेल, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

नवमीच्या संध्याकाळपर्यंत नऊ पात्या झाल्या. हिरव्या, ताठ, दोन-दोन बोटांच्या. नवरा ऑफिसातून आल्या आल्या बूट न काढता मोजायला गेला आणि बोलणी खाऊन परत येऊन बूट काढून मोजायला गेला. तो इतका खूश होता की त्याने व्हिसाची कागदपत्रं काढायला सुरुवात केली.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "बस जरा."

आम्ही चौघं परडीसमोर बसलो. त्यांनी एका पातीला बोट लावलं.

"हा जव आहे. हाही जवच. नऊच्या नऊ जव. भात नाही, नाचणी नाही, वरी नाही, कुळीथ नाही. गावचं एक धान्य उगवलं नाही. उगवलं ते इथलं."

"उगवलं ना पण?" नवरा म्हणाला.

"उगवलं. म्हणजे देवी राहते म्हणते. टाक इथेच राहू दे. हिच्या हातची पूजा नीट आहे." हे माझ्याबद्दल होतं आणि माझ्याकडे न बघता सांगितलेलं होतं. "पण गावचं इथे रुजत नाही, तेही तिनेच दाखवलं. मी तिकीट आहे तशी जाते."

मूळ अटीत ही शक्यता नव्हती. दोघी राहणार किंवा दोघी जाणार, असं ठरलं होतं. देवी राहणार आणि सासूबाई रिकाम्या देव्हाऱ्याच्या घरात परत जाणार, असं कुणीही बोललं नव्हतं.

"आई," नवरा म्हणाला, "तू काय कुळीथ आहेस का?"

"कुळीथच आहे. बासष्ट वर्षं त्याच मातीत आहे."

"तिकडे दिवा लावायलाही कुणी नाही आता. देवच इथे. मग तू जाऊन करणार काय?"

"घर आहे. माड आहेत. माझं मी बघेन."

त्याचा चेहरा मला बघवेना. त्या नेमक्या कशाला घाबरल्या होत्या ते मला माहीत नाही. इतकी वर्षं देवांनी त्यांना गाव न सोडण्याचं एक कारण दिलं होतं, आणि ते कारणच आता इथे ताटात आमच्यासमोर बसलं होतं. मी उठले, बाल्कनीत गेले आणि वॉशिंग मशीनच्या मागून डबा आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

डब्यात दाट, हिरवं, एकमेकांत घुसलेलं रान माजलं होतं. मग सासूबाईंनी चष्मा नाकावर सारला आणि एकेक रोप बोटांनी वेगळं करून बघू लागल्या.

"हा भात," त्या म्हणाल्या. "ही नाचणी. हा कुळीथ, पान बघ. उडीद. तीळ पण आलेत." त्यांनी मान वर केली. "हे कधी पेरलंस?"

"पहिल्या दिवशी. पुरचुंड्यांत उरलेलं होतं."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. मी नेहमी दुसरी प्रत ठेवते."

"म्हणजे तुला पहिल्यापासून भरवसा नव्हता."

"भरवसा होता. प्रतही होती."

नवरा डब्याकडे बघत होता. मुलगी माझ्याकडे बघत होती, आता बोलू का अशा चेहऱ्याने.

"माती कुठली?"

"पिशवीतली. टोमॅटोची."

"ठेवलं कुठे होतंस?"

"वॉशिंग मशीनच्या मागे."

तिथे त्या पहिल्यांदा चिडल्या. "साबणाच्या पाण्याशेजारी? देवीचं धान्य? अक्कल आहे का गो तुला? आणि पाणी कोण घालत होतं?"

"मी," मुलगी म्हणाली. "डेली, आजी. शाळेतून आल्यावर. प्रॉमिस. एकदा विसरले होते, पण मग डबल घातलं."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "हात धुवून?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मदत करू शकत नव्हते.

"मोस्टली," ती म्हणाली.

मी सासूबाईंना सरळ सांगितलं की सातव्या दिवशी मी हा थर परडीत बसवायला निघाले होते, उलथनं हातात होतं, आणि जवाच्या पात्या दिसल्या म्हणून थांबले. हे सांगायची गरज नव्हती. पण अर्धी नोंद ठेवून मला चैन पडत नाही. नवरा डोळे मिटून बसला. इतकं जमलेलं मी आता बिघडवणार, असं त्याला वाटलं असावं.

"माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "पाटाजवळ काळी माती सांडली होती. मी पुसली."

"मग बोलला नाहीत?"

"तू सांगतेस का, बघत होते."

एवढं बोलून त्यांनी डबा उचलला आणि परडीच्या शेजारी पाटावर ठेवला. डब्याच्या बाहेर आइस्क्रीमचं चित्र होतं, ते भिंतीकडे वळवलं. डब्याला हळदीकुंकू लावलं. मग दोन्हीकडे आळीपाळीने बघत बसल्या. खाऱ्या मातीतले नऊ जव आणि पिशवीतल्या मातीतलं ते सगळं गाव.

"विकतच्या मातीत काहीही उगवतं," त्या शेवटी म्हणाल्या. पण त्या आवाजात आधीचा ठामपणा नव्हता. "कुळीथ मात्र चांगला आलाय."

दसऱ्याला घट उठवला. रुजवण कापून देवीला वाहिली आणि मग घरातल्यांच्या कानांवर ठेवली. सासूबाईंनी आधी जव घेतला आणि माझ्या कानावर ठेवला, मग डब्यातला भात मुलाच्या. नातीला दोन्ही. तिने लगेच फोटो काढून मैत्रिणींना पाठवला आणि त्यांना इंग्रजीत काय समजावलं ते मी विचारलं नाही. थोडे जव नवरा मिठाईच्या पुड्याबरोबर खाबुऱ्याच्या सहकाऱ्यांना दाखवायला घेऊन गेला.

"ये तो बकरी का है," ते म्हणाले.

"जी," नवरा म्हणाला. "यही आया."

संध्याकाळी मी फ्रिजपाशी उभी राहून यादी पूर्ण करत होते. सदतिसावी बाब राहिली होती. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"तिकिटाचं काय लिहू?" मी विचारलं.

"पुढे ढकल."

हॉलमध्ये नवऱ्याने टीव्हीचा आवाज बंद केला.

"किती पुढे?"

"संक्रांतीपर्यंत बघू. रद्द नको करू हां. पुढे ढकल." मग म्हणाल्या, "पेन दे."

त्यांनी यादी उलटी केली, फ्रिजच्या दाराला टेकवली आणि मागच्या कोऱ्या बाजूला, सावकाश, आपल्या मोठ्या अक्षरात लिहिलं: 'पुढच्या वर्षी. माती – जिभेला लावून घेणे. जव – इथलाच. डबा – मशीनमागे नको.'

आणि खाली, खूण करायच्या जागी, कुंकवाचं बोट टेकवलं. तिकीट त्यानंतर संक्रांतीला पुढे ढकललं, आणि पाडव्यालाही. रद्द केलेलं नाही. यादीच्या शेवटी ती बाब दर वर्षी असते, प्रश्नचिन्हासकट.